किक जागची हलत नाही: जुन्या मोटारसायकलच्या जाम इंजिनाचं काय करायचं?

मुंबईत एकामागून एक सोसायट्या पुनर्विकासाला जाताहेत. इमारत रिकामी करायची नोटीस लागली की घरातलं सामान हलतं, पण जिन्याखाली ताडपत्री पांघरून ठेवलेल्या मोटारसायकलचा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो. यामाहा आरएक्स १००, येझदी, राजदूत, बुलेट नाहीतर हिरो होंडा सीडी १००. दहा-पंधरा वर्षं एका जागी उभी, टायर बसलेले, आणि किकवर पाय ठेवला तर ती तसूभरही खाली जात नाही. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. नाक्यावरचा मेकॅनिक बघतो आणि म्हणतो, "इंजिन जाम आहे, कशाला खर्च करताय?" त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून वाद चाललेत, त्यामुळे गाडी चालू करावी असं वाटणाराही बिचकतो.

जाम झालेलं इंजिन बहुतेक वेळा संपलेलं नसतं. पण ते सोडवणं हे निम्मंही काम नाही. ते का जाम झालं हे शोधलं नाही, तर नवा पिस्टन आणि नव्या रिंगा टाकूनही ते पुन्हा जाम होतं, आणि तेव्हा नवा केलेला सिलेंडरही हातचा जातो.

## जाम होतं म्हणजे नेमकं काय होतं

इंजिनात एक लोखंडी नळी असते, तो सिलेंडर. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनच्या अंगावरच्या खाचांत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पातळ रिंगा बसवलेल्या असतात आणि त्या सिलेंडरला चिकटून घासत राहतात. पिस्टनचं वर-खाली होणं कनेक्टिंग रॉडमार्फत खालच्या क्रँककडे जातं आणि तिथे ते गोल फिरणं होतं. पिस्टन आणि सिलेंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. लहान टू-स्ट्रोक इंजिनात (आरएक्स १००, येझदी, राजदूत यांच्यात असतं तसलं, पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत काम संपवणारं) साधारण ०.०४ ते ०.०६ मिमी धरा. ही फट कशानेही भरली की इंजिन जाम.

ती भरण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला चालत्या गाडीत होतो. आरएक्स १०० चा पिस्टन ५० मिमी व्यासाचा. तो १०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.१ मिमी वाढतो. लोखंडी सिलेंडर तेवढाच तापला तर त्याचा व्यास जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिमी वाढतो. म्हणजे तापत जाईल तशी फट कमी होते. तेल कमी पडलं किंवा पेट्रोलपेक्षा हवा जास्त झाली की तापमान आटोक्याबाहेर जातं, पिस्टन सिलेंडरला घासतो आणि अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः लोखंडावर सारवलं जातं. अशी गाडी धावता धावता मागचं चाक लॉक होऊन थांबते.

दुसरा उभ्या गाडीत होतो. रिंगा आणि सिलेंडर दोन्ही लोखंडाच्या जातीचे. त्यांच्यामध्ये ओल शिरली की दोघांवर गंज चढतो आणि तो गंजच त्यांना जोडून टाकतो. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज लागत नाही, पण त्यावर पांढरी भुकटी धरते, तीही फट भरते आणि रिंगा खाचांमध्ये अडकवते.

उपाय प्रकारावर ठरतो. गंजाने धरलेलं इंजिन भिजवून सुटतं. सारवलं गेलेलं इंजिन गार झाल्यावर बरेचदा आपोआप सुटतं, किकही बसते, आणि तिथेच माणूस फसतो. सिलेंडर आतून ओरखडलेला असतो, आणि तापण्याचं कारणही जिथल्या तिथे असतं.

## मुंबईत हे इतकं का होतं

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा म्हणजे व्हॉल्व्ह नसतात, सिलेंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन कुठेही थांबला तरी सायलेन्सरकडून किंवा पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडून बाहेरच्या हवेला आत यायला कुठून तरी वाट राहतेच. बुलेट किंवा सीडी १०० सारखं फोर-स्ट्रोक इंजिनही एखादा व्हॉल्व्ह उघडा असताना थांबलेलं असू शकतं. जून ते सप्टेंबर दमट हवा, बाकीचे महिने समुद्रावरची खारी हवा. गिरगाव, वरळी, माहीम अशा किनाऱ्यालगतच्या भागांत तर विचारायलाच नको.

पुरात बुडालेली गाडी ही वेगळी गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. असल्या पावसात सायलेन्सरमधून आत गेलेलं पाणी गाळ घेऊन येतं, आणि तो गाळ क्रँकच्या बेअरिंगमध्ये बसतो. गाडी पाण्याखाली गेलेली होती हे माहीत असेल तर वरून तेल ओतून फिरवायचा प्रयत्न करूच नका. इंजिन थेट खोला. गाळासकट फिरवलं तर जे बेअरिंग धुऊन वाचलं असतं तेही जातं.

## आधी खात्री करा: अडकलाय तो पिस्टनच का?

किक बसत नाही म्हणजे पिस्टन अडकला असं नाही. किकचे दाते अडकू शकतात, गिअरबॉक्समध्ये तुटलेला तुकडा फसू शकतो, क्रँकचं बेअरिंग गंजू शकतं. उलटंही होतं. बुलेटची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनाला फिरवते. क्लच प्लेट घसरत असतील तर किक आरामात खाली जाते आणि वरचा पिस्टन मात्र घट्ट अडकलेला असतो.

म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, स्पार्क प्लग काढा, मॅग्नेटचं (इंजिनाच्या बाजूला वीज बनवणाऱ्या चाकाचं) कव्हर उघडा आणि क्रँकच्या टोकावरच्या नटाला गोटी पाना लावून हाताच्या जोराने बघा. नट आवळण्याच्या दिशेनेच फिरवा, उलट जोर दिला तर नटच सुटतो. इथून क्रँक फिरला आणि किक तरी अडकलेली असेल, तर दोष किकच्या यंत्रणेत आहे आणि काम फार लहान आहे.

क्रँकही हलला नाही तर प्लगच्या भोकातून आत बघा. मोबाइलला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा यासाठी उत्तम. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या, पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांना दिसतात. तांबूस भुकटी दिसली तर गंज. उभे चकचकीत ओरखडे दिसले तर तापून झालेलं जाम. आणि पिस्टन कुठे थांबलाय ते नीट बघून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

## भिजवा, आणि थांबा

गंजाने धरलेल्या इंजिनाला सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. प्लगच्या भोकातून पातळ तेल ओतायचं, ते रिंगांच्या फटीतून खाली झिरपू द्यायचं. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं हे सगळ्यात सोपं. त्याहून चांगलं झिरपतं ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, आणि अ‍ॅसिटोन यांचं सम प्रमाणातलं मिश्रण. हे दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून ओतण्याआधी दर वेळी बाटली हलवा. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं आणि रंग खातं. बंद पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीजवळ किंवा घराच्या गॅलरीत हे काम करू नका, आणि टाकीवर थेंब पडू देऊ नका.

१०० सीसीच्या इंजिनाला ४० ते ५० मिली, बुलेटला १०० मिलीच्या आसपास पुरतं. दुसऱ्या दिवशी पातळी खाली गेलेली दिसली तर बहुधा तेल रिंगांवरून उतरतंय, म्हणजे काम चालू आहे. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र ते उघड्या व्हॉल्व्हमधूनही निसटलेलं असू शकतं, सायलेन्सरचं तोंड बघा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली थांबला असेल तर ओतलेलं सगळं पोर्टमधून वाहून जातं. तेव्हा एक्झॉस्टचं तोंड ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा आणि खालची क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, भरून तेल पिस्टनच्या वर येईपर्यंत ओतत राहा. त्याला बरंच डिझेल लागतं, पण आतली रबरी सीलं नंतर बदलायचीच आहेत, त्यामुळे त्यांची चिंता नको.

चार दिवस तर द्याच. दोन आठवडेही लागतात. रोज पातळी भरा, रोज एकदा हलका जोर देऊन बघा.

जोर देण्याची बरी पद्धत अशी: गाडी मधल्या स्टँडवर, प्लग काढलेला, टॉप गिअर टाकायचा आणि मागचं चाक हातांनी थोडं पुढे, थोडं मागे हलवत राहायचं. टॉप गिअर यासाठी, की चाकावरचा जोर त्यातच क्रँकपर्यंत सगळ्यात जास्त पोचतो. एक-दोन अंशांची हालचाल मिळाली की तिथेच थांबून आणखी तेल द्या. जिथे जास्त जोर लागतो तिथून पुढे रेटू नका, मागे घ्या, परत या.

गाडी गिअरमध्ये टाकून चौघांनी धक्का मारणं हा मुंबईच्या गल्ल्यांतला आवडता उपाय आहे, आणि तो अत्यंत वाईट आहे. दीडशे किलोची गाडी धावत असताना क्लच सोडला की सगळा हिसका एका कनेक्टिंग रॉडवर येतो. त्यातून पिस्टनच्या वर तेल साठलेलं असेल आणि प्लग लावलेला असेल तर रॉड वाकतोच, कारण हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही.

## गरम करून सुटतं ना?

सुटतं, पण नेमकं काय तापवायचं ते कळलं पाहिजे. स्टीलच्या पेल्यात पेला अडकला की घरोघरी काय करतात? बाहेरचा पेला गरम पाण्यात धरतात आणि आतल्यात गार पाणी ओततात. इथेही तेच. पिस्टन लोखंडापेक्षा जास्त फुगतो हे वर आलंच आहे. सगळं इंजिन सावकाश तापत गेलं तर पकड उलट घट्ट होते. म्हणून हीट गनने बाहेरून फक्त सिलेंडर, चहूबाजूंनी, भराभर तापवायचा आणि पिस्टन तापायच्या आत हलवून बघायचं. नाही सुटलं तर पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पुन्हा तेल. तापणं-गार होणं या फेऱ्यांनीच गंजाचा थर तडकतो.

आधी ओतलेलं अ‍ॅसिटोन किंवा डिझेल आत असताना हीट गन लावू नका. टाकी काढून दूर ठेवा. गॅसची ज्योत तर नकोच, एका जागी जास्त तापलं की बीड तडकतं.

## हेड उघडावं लागलं तर

भिजवूनही हललं नाही तर हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, काढायचं. नट समोरासमोरचे घेत, एका वेळी पाव फेरा सैल करा, नाहीतर हेड वाकतं. अडकलेल्या स्टडला, म्हणजे नट बसतात त्या आटेदार दांड्याला, लांब पाना लावून लटकू नका. स्टील अ‍ॅल्युमिनियममध्ये रुजलेलं असतं, स्टड तुटला तर आटे नव्याने करून घ्यावे लागतात. सिलेंडर उचलताना पंख्यांमध्ये, म्हणजे बाहेरच्या पात्यांमध्ये, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, पातं कडकन तुटतं आणि ते परत लागत नाही.

आता पिस्टनचं डोकं दिसतंय. त्याच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा कडक लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके टोले द्या. मात्र पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला थांबला असेल तर ठोकू नका. त्या जागी कनेक्टिंग रॉड सरळ उभा असतो, टोल्याने क्रँक फिरत नाही, सगळा मार बेअरिंगवर जातो. अशा वेळी मॅग्नेटच्या नटावरूनच थोडं फिरवून रॉड तिरका झाल्याशिवाय ठोकण्यात अर्थ नाही.

अजून एक खात्रीची पद्धत आहे ती ग्रीसची. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढायची, त्याच्या बॉडीला ग्रीस निपल बसवून घ्यायचं, हेड परत लावायचं आणि ग्रीस गनने दाब द्यायचा. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे जोर सगळ्या पिस्टनवर सारखा येतो. कॉम्प्रेसरची हवा यासाठी वापरू नका, काही उडालं तर गोळीसारखं येतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन पोर्टच्या वर असेल तरच हे जमतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. नंतर ते ग्रीस पुसायला अर्धा दिवस जातो, हेही खरं.

हे सगळं हरलं तर पिस्टनचा बळी द्या. सिलेंडर लेथवर नेऊन पिस्टन ड्रिल करून काढता येतो. पिस्टन बाजारात मिळतो. जुना, मूळचा, सरळ पंख्यांचा सिलेंडर मिळत नाही. पिस्टन वाचवायच्या नादात सिलेंडर घालवू नये.

## सुटलं की लगेच किक मारावी का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त इंजिनं मरतात. हलायला लागलं या आनंदात प्लग लावून गाडी चालू केली जाते, ती चालतेही, आणि गंजाची भुकटी घासणीच्या कागदासारखं काम करत दोन-चारशे किलोमीटरमध्ये सगळं खाऊन टाकते.

सिलेंडर बाहेर काढा, पुसा, आतून नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा किंवा ओरखडा असेल तर पुढचं मोजायची गरज नाही, बोअर करावाच लागेल. नख अडकत नसेल तर डायल बोअर गेजने (आतला व्यास मोजायचं यंत्र) वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजून घ्या. सहा आकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सिलेंडर अंडाकृती किंवा निमुळता झालाय. फरक कमी असेल तर नुसत्या नव्या रिंगांवर भागतं. त्यासाठी रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) बघा. ढोबळ हिशेब असा: सिलेंडरच्या दर २५ मिमी व्यासाला ०.१ मिमी. म्हणजे ५० मिमीला ०.२, आणि बुलेट ३५० च्या ७० मिमीला जवळपास ०.३.

बोअर करणं म्हणजे सिलेंडर आतून किंचित मोठा करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवणं. मापं साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशी वाढत जातात. यात एकच नियम मोडायचा नाही: आधी पिस्टन विकत घ्या, मग तो हातात घेऊन लेथवाल्याकडे जा. डब्यावर ०.५० लिहिलेल्या दोन पिस्टनांच्या मापात फरक असतो, त्यामुळे सिलेंडर त्या एका पिस्टनसाठी कापायचा असतो. किती फट ठेवायची ते पिस्टनच्या कंपनीच्या कागदावर असतं, तो कागद फेकू नका.

लेथवरून आल्यावर दोन गोष्टी बघा. आतल्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. याला होनिंग म्हणतात, या रेघांत तेल टिकतं. आरशासारखा गुळगुळीत सिलेंडर आला तर परत पाठवा. टू-स्ट्रोक असेल तर प्रत्येक पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. बोअर केल्यावर ही कड धारदार होते आणि ती गोल केली नाही तर रिंग तिथे अडकून तुटते. घाईचं काम करणारे हे हमखास विसरतात.

मग सिलेंडर गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने, ब्रशने घासून धुवा. पेट्रोलने धुतला की होनिंगची भुकटी रेघांत तशीच राहते. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, आणि कोरडा होताक्षणी तेल लावायचं. जुलैच्या मुंबईत उघडा लोखंडी सिलेंडर काही मिनिटांत तांबडा पडायला लागतो.

पिस्टन बसवताना डोक्यावरचा बाण बहुतेक इंजिनांत एक्झॉस्टकडे असतो. पिस्टन पिन जागेवर धरणारे लॉक नवेच घाला. काही रुपयांचा जुना लॉक निसटला तर नवा सिलेंडर उभा चिरला जातो.

## वरचं झालं, खालचं काय?

आता त्या प्रश्नाकडे, ज्याच्याकडे बहुतेक जण पाठ फिरवतात. टू-स्ट्रोकचा क्रँक तेलात बुडालेला नसतो, पेट्रोलसोबत येणाऱ्या तेलावरच जगतो. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडलेले असतात. हाताने फिरवल्यावर ते कळत नाहीत, वेगात गेल्यावर घुंई असा आवाज येतो. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवा. जराही खटखट लागली तर क्रँक खोलायचा. बाजूला किंचित हलणं चालतं. क्रँक दाबून परत जोडला की दोन्ही टोकं एका रेषेत आहेत हे डायल गेजवर तपासून घ्या, फरक ०.०३ ते ०.०५ मिमीच्या आत हवा. बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवर नंबर सांगून मिळतात, नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो.

त्याहून महत्त्वाची क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं. रबर कडक झालं की तिथून हवा आत ओढली जाते. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त, म्हणून इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन पुन्हा धरतो. "नवीन किट टाकलं आणि महिन्यात परत जाम" या तक्रारीमागे बरेचदा हीच दोन सीलं निघतात.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. घरातलं रक्तदाब मोजायचं जुनं, काटेवालं यंत्र घ्या. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबर आणि पत्र्याने बंद करा, प्लगच्या भोकात नळी बसवून पट्ट्याऐवजी ती त्या यंत्राला जोडा आणि फुगा दाबून काटा ३०० पर्यंत न्या. हा दाब साधारण ६ पीएसआय होतो, इंजिनाला पुरेसा आणि सीलांना सोसणारा. मिनिटभरात काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर हवा कुठून तरी निघतेय. साबणाचं पाणी लावत गेलात की बुडबुडे जागा दाखवतात: मॅग्नेटच्या मागचं सील, सिलेंडरखालचं पॅकिंग, नाहीतर कार्बोरेटरचं तडकलेलं रबर. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर गिअर ऑइल भरायच्या भोकातून हवा येते.

फोर-स्ट्रोकमध्ये कारण तेलाच्या वाटेत शोधायचं. तळाचा काळा चिखल काढा, जाळी धुवा, पंप उघडून बघा. जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल करून, प्लग काढून, किक मारत राहा. तिथे तेल आल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

## इथेनॉलच्या पेट्रोलने पुन्हा जाम होईल का?

यातली भीती थोडी खरी, थोडी वाढवलेली. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही, तो पूर्वीच्याच प्रमाणात हवा देतो. म्हणजे मिश्रण काहीसं हवेकडे झुकतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा अर्थ जास्त उष्णता. उपाय साधा आहे: कार्बोरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक माप मोठा घाला आणि प्लगचा रंग बघा. चॉकलेटी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर अजून मोठा जेट हवा.

दुसरा त्रास पाणी ओढून घेण्याचा. उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल हवेतली ओल घेतं, पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. जुन्या रबराच्या नळ्याही मऊ पडतात, त्या सरसकट बदला. टाकी साफ करायला किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम या मापाने घालून २४ तास भरून ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून तेल फिरवा. टाकी आणि कार्बोरेटरच्या मध्ये फिल्टर हवाच.

## आणखी काही शंका

कोल्ड्रिंक ओतलं की गंज सुटतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात सौम्य आम्ल असतं हे खरं, पण बाकी सगळं पाणी आणि साखर. चार दिवसांनी नवा गंज आणि चिकटा मिळतो.

दुसरं इंजिनच टाकलं तर? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात इंजिनं मिळतात. पण इंजिन नंबर बदलला की आरसी बुकात नोंद करावी लागते, आणि नंबर घासलेलं किंवा कागदाशिवायचं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. तिथून सुटे भाग घ्या, हेड घ्या, कव्हरं घ्या. नंबर असलेली क्रँककेस घेताना मूळ गाडीचे कागद मागा.

कागदांचं तर पिस्टनच्याही आधी बघा. चॅसीवरचा आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळतो का, गाडी कोणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती हयात नसेल तर वारसांच्या नावावर व्हायला काय लागेल. १५ वर्षं झालेल्या दुचाकीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, त्याआधी आरटीओत तपासणी होते. २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही.

## पहिल्यांदा चालू करताना

टू-स्ट्रोकला पहिल्या टाकीत लिटरमागे ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच घाला, आरएक्स १०० सारखा वेगळा ऑइल पंप असला तरीही. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो निघेपर्यंत हेच तेल पिस्टनला सांभाळतं. सायलेन्सरमधला कार्बन जाळून किंवा खरवडून काढलेला असू दे. तोंबलेला सायलेन्सर हेही तापण्याचं एक कारण आहे.

गाडी चालू करा, सिलेंडर हाताला चटका देईल इतका तापला की बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. मग गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळा. पहिले ५०० किमी वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच थ्रॉटलवर लांब ओढू नका, टॉप गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नका. ऑफिसच्या वेळेतलं सायन किंवा अंधेरी टाळा. हवेवर गार होणारं नवं इंजिन ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या तापतं. सकाळी सहाला निघा. फोर-स्ट्रोकचं तेल ५० ते १०० किमीवर एकदा आणि ५०० वर पुन्हा बदला, पहिल्या तेलात चकाकी दिसेल ती नव्या रिंगा बसत असल्याची. धातूचे तुकडे दिसले तर मात्र थांबा आणि खोला.

गाडी परत पावसाळाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, प्लग काढून चमचाभर तेल आत घाला, दोन-तीनदा हळू किक फिरवा आणि सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबा. दर पंधरा दिवसांनी तीच हळू किक पुन्हा.